तापीकाठाने दोघं आणि एक व्हॅन : तुमचाही अनुभव सांगा

सावद्याची_लेक :
काल माळा आवरताना एका पिशवीत चार पडदे सापडले. निळ्या फुलांचे, इलॅस्टिक सैल झालेलं, एकावर फोडणीच्या तेलाचा डाग. काम तिथेच राहिलं. आमच्या जुन्या व्हॅनचे पडदे, जानेवारी २०१६ चे.

मुलगी शिकायला बाहेर गेली तेव्हा घर फार शांत झालं होतं. यांनीच काढलं, आपण जन्मभर तापीच्या पुलावरून येतोजातो, एकदा तिच्या काठाने जाऊन येऊ. मागे फळी टाकून गादी, पाण्याचा कॅन, छोटी शेगडी, झाला संसार. मुलताईच्या कुंडापासून, म्हणजे तापीच्या उगमापासून, प्रकाशा गावापर्यंत ११ दिवस. नदी ७२४ किलोमीटर, आम्ही काही सुरतपर्यंत गेलो नाही.

बऱ्हाणपूरला किल्ल्याखालचं पात्र पाहिलं, पण मनात राहिलं ते चांगदेव. पूर्णा तिथे तापीला मिळते. हिवाळ्यात हतनूर धरणाचं पाणी मागे फुगलेलं असतं, त्यामुळे दोन नद्या वेगळ्या दिसतच नाहीत, एकच मोठं थंड पाणी. हे मुळात कमी बोलणारे. २४ वर्षांत आमचं बोलणं म्हणजे गॅस संपला, बिल भरलं, एवढंच. मी सहज चांगदेवांच्या कोऱ्या पत्राची गोष्ट काढली. ज्ञानदेवांना तीर्थरूप लिहावं की चिरंजीव, हे ठरेना म्हणून कागद कोराच धाडला. हे थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "माझंही तसंच होतं गं. सुरुवात कशी करावी तेच सुचत नाही." त्या रात्री दोन वाजेपर्यंत बोलत होते. त्यांच्या आईबद्दल, सुटलेल्या नोकरीबद्दल. मी नुसतं ऐकलं.

तुमच्यापैकी कोणी दोघांनी असं नदीकाठाने फिरलंय का? लिहा.

केळीची_गाडी :
वहिनी, आमची कॅम्पर म्हणजे आमचा ट्रक. रावेरहून केळी भरून निघायचो, लग्नानंतरची दोन वर्षं बायको सोबत होती. केबिनमध्ये मागच्या बाकावर तिची गोधडी. कच्चा माल असतो, कुठे थांबता येत नाही, पण रिकामी गाडी परत आणताना तापीवर थांबायचो आणि ती डबा उघडायची. मुलगा झाला आणि तिचं येणं बंद झालं. अजून तो पूल आला की पाय आपोआप ब्रेककडे जातो.

चोपडेकर :
रस्त्याचं एक सांगतो, कोणाला जायचं असेल तर. बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्ता सोयीचा आहे, रावेर, फैजपूर, यावल, चोपडा, शिरपूर, शहादा सगळं त्यावर. पण त्यावरून नदी दिसत नाही. दर वेळी दक्षिणेला आत वळावं लागतं. पावसाळ्यात तर नकोच. हतनूरला ४१ दरवाजे आहेत, ते उघडले की खाली पाणी भराभर चढतं, फरशी पुलावर गाडी घालू नका. आणि वाळू उपशाने पात्रात खोल खड्डे झालेत, अंघोळीला उतरताना गावातल्या माणसाला विचारूनच उतरा.

मीरा_धुळे :
ताई, आंगवर काटा उना वाचताना.
एक विचारू? बाथरूमचं काय केलंत? माझी गाडी नेहमी इथेच अडते, हे म्हणतात होईल काहीतरी.

सावद्याची_लेक :
@मीरा, खरा प्रश्न हाच. मुक्काम मंदिराजवळ किंवा गावात, ओसाड घाटावर कधीच नाही. प्रकाशाला, सारंगखेड्याला अडचण आली नाही. बाकी ठिकाणी मी सरळ एखाद्या घरी जाऊन बाईला सांगायचे. एकीनेही नाही म्हटलं नाही. मुडावदच्या अलीकडे एक आजी म्हणाल्या, "कथाईन उनात?" (कुठून आलात?) आणि अंघोळीला गरम पाणीच काढून दिलं.

गिरणाकाठ :
भरीत केलं की नाही ते सांगा आधी

सावद्याची_लेक :
केलं की! थाळनेरला. शेतातून तुराट्या मागून आणल्या, त्यावर वांगी भाजली. बडजी नव्हती, पातेल्यात तांब्याने ठेचलं. पडद्यावरचा डाग त्याच फोडणीचा.

गिरणाकाठ :
सोबत कळण्याच्या पुऱ्या?

मीरा_धुळे :
गाडीत कुठल्या पुऱ्या! कळण्याची भाकरी असेल. आमच्याकडे ज्वारीत अख्खे उडीद आणि थोडं जाडं मीठ घालून दळतात. तुमच्याकडे?

गिरणाकाठ :
तसंच. पण दळण गरम झालं तर चव जाते. पुढच्या आठवड्यात देतो दळायला.

शिरपूर_वेस :
थाळनेरचं नाव निघालं म्हणून लिहितो. खानदेशच्या फारुकी राजांची जुनी राजधानी. किल्ल्याचा बुरूज नदीकडे ढासळलेला, पण तिथून तापीचं वळण जसं दिसतं तसं दुसरीकडे कुठे नाही. लतादीदींचं आजोळही तेच.
माझे आजोबा-आजी दमणीतून सारंगखेड्याच्या यात्रेला जायचे, दत्तजयंतीला. आजोबांना घोडेबाजार, आजीला एकमुखी दत्त. वर ताडपत्री, खाली कडबा, त्यावर वाकळ. वाटेत मुक्काम. आजी सांगायची, चार पोरं आणि सासू यांच्यापासून सुटका तेवढीच. म्हातारपणीही मार्गशीर्ष लागला की ती आजोबांना विचारायची, बैल बरे आहेत ना?

निवृत्त_भुसावळ :
आम्हाला हतनूरला चक्रवाक बघायचे होते. हिवाळ्यात येतात, नारिंगी, बहुतेक जोडीनेच दिसतात. मिसेसने दुर्बीण घेऊन ठेवली होती. मी दर वर्षी म्हणायचो, ड्युटी संपू दे. निवृत्त झालो मार्चमध्ये, ती जूनमध्ये गेली. दुर्बीण खोक्यातच आहे.

सावद्याची_लेक :
दादा, काय बोलू. हे शेजारी बसलेत, त्यांना वाचून दाखवलं. म्हणतात, डिसेंबरात हतनूरला येतो, तुम्ही दुर्बीण घेऊन या. डबा मी आणते.

केळीची_गाडी :
काका, मी पण येतो. सकाळी लवकर जावं लागेल, ऊन चढलं की पक्षी लांब जातात.

चोपडेकर :
गाडीत फेरफार करणाऱ्यांसाठी : सीट कायमची काढून पलंग ठोकायचा तर आरटीओची परवानगी लागते. त्यापेक्षा सुटी फळी बरी.

निवृत्त_भुसावळ :
येतो. खोकं आज उघडलं. काचेवर बुरशी धरलीय थोडी, जळगावला दाखवून बघतो.

मीरा_धुळे :
ताई, पडदे टाकून नका देऊ. इलॅस्टिक मी नवीन घालून देते, मशीन आहे माझ्याकडे.

सावद्याची_लेक :
धुवायला टाकलेत. डाग काही निघाला नाही.