एनएफएलमधली सॅलरी कॅप: पैसे नक्की कुणाचे वाचतात?

नवखा_प्रेक्षक

मंडळी, तीन सीझन झाले एनएफएल बघतोय. (अमेरिकन फुटबॉल. ज्यात पायाचा संबंध फक्त किक मारण्यापुरता येतो तो.) खेळाचे नियम बऱ्यापैकी डोक्यात बसले, पैशाचे नाही. 2024 मध्ये प्रत्येक संघाला खेळाडूंच्या पगारावर 25.54 कोटी डॉलरची मर्यादा (हीच सॅलरी कॅप) होती, सगळ्या 32 संघांना सारखीच. त्याच वर्षी डेन्व्हरने आपला क्वार्टरबॅक (चेंडू फेकून चाल रचणारा मुख्य खेळाडू) रसेल विल्सनला काढून टाकलं. त्याच्यापोटी दोन वर्षांत मिळून साडेआठ कोटी डॉलर त्यांच्या कॅपवर पडले, आणि गडी खेळला पिट्सबर्गकडून!

डेन्व्हरचे मालक वॉलमार्टच्या घराण्यातले. त्यांना साडेआठ कोटी म्हणजे चिल्लर. मग चाहत्यांची एवढी रडारड का? आणि खेळाडूंच्या संघटनेने ही मर्यादा मुळात मान्यच का केली?

खर्डेघाशी

मी डेन्व्हरवालाच आहे, तेव्हा जखमेवर मीठ चोळल्याबद्दल आधी आभार. पोटासाठी पगारपत्रकंच करतो, त्यामुळे या विषयावर मला कुणी थांबवू नये.

पहिली गोष्ट: रोख पैसे आणि कॅपची वही या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. समजा एखाद्याशी पाच वर्षांचा करार झाला आणि सही करताना 5 कोटी डॉलर बोनस दिला. खेळाडूला पैसे मिळाले, विषय संपला. वहीत मात्र ते दरवर्षी 1 कोटी असे पसरून लिहितात. जास्तीत जास्त पाच वर्षं पसरता येतं. आता दोन वर्षांनी तो गडी नकोसा झाला आणि काढला, तर उरलेले 3 कोटी कुठे जातील? कुठेही नाही. ते वहीतच उसळून वर येतात. त्यालाच डेड मनी म्हणतात. विल्सनचं हेच झालं, फक्त आकडे राक्षसी. करारच 24 कोटी डॉलरच्या वरचा होता. 1 जूननंतरच्या हिशोबाची सवलत घेऊन तो बोजा 2024 मध्ये सुमारे 5.3 कोटी आणि 2025 मध्ये 3.2 कोटी असा विभागला, तरी त्या वर्षी आमच्या कॅपचा पाचवा हिस्सा अशा माणसावर गेला जो दुसऱ्याच संघाचा शर्ट घालून खेळत होता.

मालक कितीही गर्भश्रीमंत असू दे, कॅपमधली जागा चेक फाडून विकत मिळत नाही. रडारड त्याची आहे.

आता ही जागा आली कुठून ते बघा. 2024 च्याच मार्चमध्ये जस्टिन सिमन्सला सोडलं. 2016 पासून आमच्याकडे, मागच्या फळीतला सगळ्यात भरवशाचा माणूस. त्याला सोडल्यावर कॅपमध्ये 1.45 कोटी डॉलर मोकळे झाले. मी डेन्व्हरची वही एक्सेलमध्ये ठेवतो (हो, हौस आहे, हसू नका). त्या दिवशी त्याच्या ओळीवर कर्सर ठेवून बराच वेळ बसलो होतो. विल्सनचा रकाना लाल, सिमन्सची ओळ पुसायची. चोर सोडून संन्याशाला फाशी. विल्सन चोर नव्हे, त्याने आपला करार केला, पण म्हण बसते. सिमन्सला पुढे ऑगस्टपर्यंत संघ मिळाला नाही, मग अटलांटाशी एका वर्षाचा करार.

आणि विल्सन? त्याचे त्या वर्षीचे 3.9 कोटी डेन्व्हरने आधीच पक्के करून ठेवले होते. त्यामुळे पिट्सबर्गने त्याला नियमाप्रमाणे किमान तेवढे, 12.1 लाख डॉलर दिले आणि बाकीचे आम्ही भरले.

म्हणून तुमच्या शीर्षकातल्या प्रश्नाला माझं उत्तर: कॅप म्हणजे मालक विरुद्ध खेळाडू अशी भिंत कमी, खेळाडूंमधली वाटणी जास्त. क्वार्टरबॅकचे चार कोटी वाढले की ते मालकाच्या खिशातून नाही, सिमन्ससारख्यांच्या ओळीतून येतात.

तिसरा_डाऊन

खर्डेघाशी, एक्सेलला सलाम, पण चित्र एकतर्फी झालं. खेळाडूंनी कॅप का मान्य केली ते राहिलंच की.

1993 च्या आधी करार संपला तरी खेळाडू मोकळा होत नसे. जुना संघ त्याला धरून ठेवू शकायचा. 1987 चा संप संघांनी बदली खेळाडू मैदानात उतरवून मोडून काढला. मग खेळाडू कोर्टात गेले, 1992 मध्ये फ्रीमन मॅकनील खटल्यात ज्यूरीने त्यांच्या बाजूने कौल दिला, आणि तडजोडीत खरी फ्री एजन्सी, म्हणजे करार संपल्यावर दुसऱ्या संघात जायची मोकळीक, मिळाली. रेजी व्हाइट फिलाडेल्फिया सोडून ग्रीन बेला गेला तो 1993 सालचाच. त्या स्वातंत्र्याच्या बदल्यात 1994 पासून कॅप आली, तेव्हा ती 3.46 कोटी डॉलर होती.

शिवाय वरच्या मर्यादेसोबत खालचीही आहे. आत्ताच्या करारात प्रत्येक संघाला तीन-तीन वर्षांच्या टप्प्यात कॅपच्या 90 टक्के रक्कम रोख खर्च करावीच लागते. कंजूष मालकाला पळवाट नाही. आणि लीगच्या उत्पन्नातला 48 टक्के वाटा खेळाडूंचा, म्हणजे टीव्हीचे करार वाढले की पगारही वाढतात.

खर्डेघाशी

इतिहास मान्य, तो मी गाळला हे खरं. पण 48 टक्क्यांवर एवढं खूश होऊ नका. 2020 च्या मार्चमध्ये खेळाडूंनी त्या करारावर मतं दिली तेव्हा निकाल 1,019 विरुद्ध 959 लागला. ज्यात सतरावी मॅच होती त्या कराराला जवळपास निम्मे लोक नाही म्हणत होते. आणि वाटा दोन्हीकडे चालतो. स्टेडियम रिकामी राहिली तेव्हा 2021 ची कॅप 19.82 कोटींवरून 18.25 कोटींवर उतरली, आणि त्या मार्चमध्ये मधल्या पगाराचे कितीतरी जण धडाधड कापले गेले.

मालकांची बाजू बघायची असेल तर ग्रीन बे बघा. तो संघ भागधारकांचा असल्यामुळे हिशोब जाहीर करतो, बाकीचे 31 झाकून ठेवतात. 2023 च्या सीझनच्या हिशोबात लीगकडून आलेला राष्ट्रीय वाटा 40 कोटी डॉलरच्या थोडा वर होता. हा वाटा सगळ्यांना सारखाच. त्या वर्षीची कॅप होती 22.48 कोटी. म्हणजे एकही तिकीट विकण्याआधी पगार निघाले. खेळाडूंचे पेन्शन-विम्याचे पैसे कॅपबाहेर असतात, ते धरूनही निघाले. तोट्यात जाणं जवळजवळ अशक्य असलेला धंदा म्हणूनच वॉल्टन-पेनर मंडळींनी 2022 मध्ये डेन्व्हरसाठी 465 कोटी डॉलर मोजले.

नवखा_प्रेक्षक

हे झकास! पण मग डेन्व्हर 2024 मध्ये प्लेऑफला कसं गेलं? कॅपचा पाचवा हिस्सा वाया जाऊनही?

तिसरा_डाऊन

बो निक्स, नवा आणि स्वस्त क्वार्टरबॅक. ड्राफ्टमधला (नव्या खेळाडूंची वार्षिक निवड) बारावा, चार वर्षांचे मिळून साधारण 1.86 कोटी डॉलर. नव्या पोरांचे पगार 2011 पासून बांधलेले आहेत. 2010 चा पहिला क्रमांक सॅम ब्रॅडफोर्ड, त्याचा करार 7.8 कोटींचा. पुढच्याच वर्षीचा पहिला क्रमांक कॅम न्यूटन, त्याला 2.2 कोटी. नियम एका उन्हाळ्यात बदलला.

खर्डेघाशी

बरोबर, आणि त्यातून वाचलेले पैसे अनुभवी खेळाडूंना मिळतील असं तेव्हा सांगितलं होतं. मिळाले, पण अर्धवट. प्रत्येक संघाला आता स्वस्तातला पोरगा क्वार्टरबॅक हवा आणि बाकी जागांवरही स्वस्तातली पोरं. तिशीतला, बऱ्यापैकी चांगला, पण स्टार नसलेला माणूस मधल्या मधे लटकतो.

एक राहिलंच. "कॅपमुळे पूर्ण रक्कम गॅरंटी देता येत नाही" असं कुणी म्हणालं तर विश्वास ठेवू नका. 2018 मध्ये कर्क कझिन्सने मिनेसोटाकडून तीन वर्षांचे 8.4 कोटी पूर्ण पक्के घेतले, 2022 मध्ये क्लीव्हलंडने डेशॉन वॉटसनला 23 कोटी पूर्ण पक्के दिले. कॅपचा नियम तोच होता. वॉटसननंतर बाकीचे मालक हात आखडते घ्यायला लागले, तेव्हा खेळाडूंची संघटना लवादाकडे गेली. 2025 मध्ये निकाल आला: लीगने मालकांना गॅरंटी कमी ठेवायला प्रोत्साहन दिलं हे दिसतं, पण त्यांनी संगनमताने तसं केलं हे सिद्ध होत नाही.

मी दोनदा वाचला तो निकाल. दोन्ही वेळा चहा थंड झाला.

नवखा_प्रेक्षक

खर्डेघाशी, ते एक्सेल व्यनि कराल का? सिमन्सची ओळ पुसली नसेल तर उत्तम.

खर्डेघाशी

पुसली नाही. लपवून ठेवली आहे, रांग 41. पाठवतो.