जुनं ट्रॅम्पोलिन : काय तपासायचं, कसं आणायचं? (उन्हाळ्यात स्नोबोर्डचा सराव, डेन्व्हर)

लिटलटनकर :

नमस्कार मंडळी. डोंगरावरचा बर्फ संपला की ऑक्टोबरपर्यंत बोर्ड गॅरेजमध्येच. मुलगा १४ वर्षांचा आहे. त्याला १८० (हवेत अर्धी गिरकी) आणि ग्रॅब (हवेत बोर्ड हाताने पकडणं) घरी घोटायचे आहेत, मलाही थोडाफार सराव हवा आहे. मार्केटप्लेसवर दोन जुनी ट्रॅम्पोलिनं दिसताहेत :

१) गोल, १४ फुटी, १२० डॉलर. अंगणात सहा वर्षं उभं आहे. "स्वतः सोडवून न्या" म्हणतात. इथून अर्ध्या तासावर.

२) आयताकृती, १० बाय १७ फूट, ५५० डॉलर, फोर्ट कॉलिन्सला.

गाडी मिनीव्हॅन. बघायला गेल्यावर नेमकं काय तपासायचं? सोडवायला किती माणसं, कोणती हत्यारं? न सोडवता भाड्याच्या ट्रेलरवर आडवं टाकून आणता येईल का? आणि ट्रॅम्पोलिनवर खरा बोर्ड चालतो की वेगळा लागतो?

---

गंजपारखी :

जुनं ट्रॅम्पोलिन घेताना आपण फ्रेम विकत घेतो. मॅट, स्प्रिंगा, पॅड, जाळी हा सगळा झिजणारा माल, नवा मिळतो. फ्रेमची एक नळी किंवा एक टी-जोड गेला आणि तो मेक बंद झालेला असला, तर पुढे सगळंच भंगारात.

कोलोरॅडोत हवा कोरडी असल्याने गंज कमी, पण मैलभर उंचीवरचं ऊन मॅटला खाऊन टाकतं. सिएटलकडे नेमकं उलट. त्यामुळे सहा वर्षं उघड्यावर उभ्या असलेल्या मॅटचे पैसे मनात आधीच वजा करा आणि भाव त्यावर ठरवा.

फ्रेम : वरच्या कड्यातल्या नळ्या जिथे पायांना मिळतात ते टी-जोड खालून बघा. वेल्डिंगच्या वेळी जस्ताचा थर जळतो, म्हणून गंज तिथूनच सुरू होतो. वरवरचा तपकिरी डाग चालेल. पापुद्रे सुटत असतील, किंवा स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकल्यावर खणखणीत आवाज न येता बद्द आवाज आला, तर सोडून द्या. वेल्डजवळ केसाएवढी जरी चीर दिसली तरी नको. तसंच पायांचे जमिनीला टेकणारे भाग. पाणी आत साचून नळी आतून सडते आणि बाहेरून छान चकचकीत दिसते.

वाकलंय का : स्प्रिंगा लावलेल्या असतानाच बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत तीन दिशांनी व्यास मोजा. १४ फुटीला १६८ इंच यायला हवा. तिन्ही मापांत इंच-दीड इंचाहून जास्त फरक पडला, तर ते बहुधा वाऱ्याने उडून कुठेतरी आपटलेलं आहे. आपल्याकडचे चिनूक वारे (डोंगरावरून सोसाट्याने उतरणारे) माहीत आहेतच, मालकाला सरळ विचारा. यातली खरी गोम अशी, की वाकलेली फ्रेम उभी असते तोवर ताणामुळे जागेवर राहते. एकदा सोडवली की नळ्या आपापल्या दिशेला पाहतात आणि घरी आणून पुन्हा बसवायला गेलं की बसत नाहीत.

स्प्रिंगा : चार बाजूंच्या चार-पाच काढून शेजारी शेजारी ठेवा. सुट्या स्प्रिंगेचे वेढे एकमेकांना चिकटलेले हवेत. मधून उजेड दिसला, किंवा लांबीत पाव इंचाहून जास्त फरक निघाला, तर पूर्ण संच बदलावा लागेल. दोन-चारच नव्या घातल्या तर त्या बाजूला मॅट जास्त उसळते आणि उडी तिरकी जाते.

मॅट : कडेला जिथे त्रिकोणी कड्या शिवलेल्या असतात तिथला दोरा नखाने खरवडा. भुगा निघाला तर मॅट गेली. खालून उन्हाकडे बघून विरलेल्या जागा आणि भोकं शोधा.

नवी मॅट मागवायला तीन आकडे लागतात : फ्रेमचा व्यास, कड्यांची संख्या, आणि न ताणलेल्या स्प्रिंगेची हूकसकट लांबी. १४ फुटीतच ७२, ८८, ९६ कड्यांच्या मॅटा येतात, आणि स्प्रिंग साडेपाच, सात किंवा साडेआठ इंची. लांबी चुकली तर मॅट एक तर झोळीसारखी लोंबते, नाही तर इतकी घट्ट बसते की फ्रेम आत ओढली जाते. हे आकडे सोडवण्याआधी तिथेच लिहून घ्या. पायावरच्या स्टिकरचा फोटोही काढा, त्यावर मॉडेल आणि वजनमर्यादा असते. मॉडेल मिळालं की सीपीएससीच्या (ग्राहक-सुरक्षेचं सरकारी खातं) साइटवर रिकॉल झालंय का (सदोष म्हणून कंपनीने परत मागवलंय का) ते बघा, पाच मिनिटांचं काम आहे.

स्प्रिंगांऐवजी फायबरग्लासच्या कांड्या असलेलं मॉडेल असेल तर ते स्वतः सोडवायच्या फंदात पडू नका. त्या कांड्यांना वेगळं हत्यार आणि वेगळी रीत लागते.

---

पानापक्कड :

वरच्याला +१. आता सोडवणं आणि आणणं.

ट्रेलरवर अख्खं आणायचा विचार सोडा. परवान्याशिवाय रस्त्यावर साडेआठ फुटांपेक्षा रुंद माल नेता येत नाही आणि हे १४ फूट आहे. उभं केलं तर ट्रेलरची उंची धरून १५-१६ फूट होतं, म्हणजे वरच्या तारा आणि पूल. शिवाय वारा.

दोन माणसं, दोन-अडीच तास. सोबत न्या : स्प्रिंग ओढायचा टी-आकाराचा हूक, जाड हातमोजे, डोळ्यांना गॉगल, सॉकेट पान्यांचा संच, ड्रिल आणि षटकोनी बिट, रबरी हातोडा, गंज सोडवायचं तेल, मास्किंग टेप, मार्कर, पाच गॅलनच्या दोन बादल्या, झिपलॉक पिशव्या. जमलं तर आदल्या दिवशी मालकाला जोडांवर तेल मारून ठेवायला सांगा.

सगळ्यात आधी टेप आणि मार्कर. प्रत्येक जोडाच्या दोन्ही बाजूंना एकच आकडा : १-१, २-२ असं गोल. कारण जोडांतले स्क्रू बरेचदा जागेवरच भोक पाडून बसवलेले असतात. नळ्यांची अदलाबदल झाली की भोकं जुळत नाहीत, मग नवी पाडा आणि फ्रेम कमजोर करा.

मग जाळी, खांब, पॅड. पॅडचं पीव्हीसी तडकलेलं असेल तर गाडीत घेऊच नका. आतल्या फोमचा भुगा महिनोन्महिने सीटमधून निघत राहतो.

आता स्प्रिंगा. एका बाजूने सुरू करून ओळीने काढत गेलात तर फ्रेमवर एकतर्फी ताण येतो आणि पाय सरकतात. आधी एक सोडून एक अशी पूर्ण फेरी मारा. उरलेल्या समोरासमोरच्या जोडीने काढा. हूक स्प्रिंगेच्या फ्रेमकडच्या टोकात अडकवायचा, बाहेरच्या बाजूला ओढून वर उचलायचं. स्प्रिंगेच्या रेषेत तोंड आणू नका. हत्यार नसेल तर एक सुटी स्प्रिंगच हूक म्हणून वापरता येते, पण पहिली सुटी करेपर्यंत घाम निघतो. पकडीने ओढायला जाऊ नका, ती हमखास निसटते.

स्प्रिंगा दोन बादल्यांत अर्ध्या-अर्ध्या. ९६ एकाच बादलीत भरल्या तर कडी तुटते, नाही तर पाठ धरते.

नळ्या काढताना एकाने पाय धरायचे, कारण दोन नळ्या निघाल्या की उरलेलं कलंडतं. नळी अडकली तर सरळ ओढू नका. वाकदार नळी हलकेच वर-खाली पिळत काढायची, आणि जोडाच्या कडेला लाकडाचा तुकडा लावून रबरी हातोड्याने ठोकायचं. लोखंडी हातोड्याने नळीचं तोंड चेपतं आणि मग ती कुठल्याच जोडात शिरत नाही.

आठ तुकड्यांचं कडं असेल तर एकेक नळी साधारण साडेपाच फुटांची. मागच्या सीट पाडल्या, मधल्या काढल्या की मिनीव्हॅनमध्ये आरामात मावतात, एकात एक रचून. मॅट गुंडाळताना कड्या आतल्या बाजूला घ्या, नाही तर गाडीचं अस्तर ओरबाडतं. ओढत तर अजिबात नेऊ नका, खडीवर घासली की धागे तुटतात.

आयताकृतीचं वजन जवळजवळ दुप्पट आणि लांब नळ्या मिनीव्हॅनमध्ये मावतीलच असं नाही. त्यासाठी पिकअप किंवा यू-हॉलचा (भाड्याने ट्रेलर देणारी कंपनी) ६ बाय १२ फुटी ट्रेलर धरा.

घरी बसवताना क्रम उलटा, पण मोजून. ९६ कड्या असतील तर पहिली स्प्रिंग ०ला, मग ४८, २४, ७२, नंतर १२, ३६, ६०, ८४, आणि मग प्रत्येक दोहोंच्या मधली. फ्रेमची भोकं आणि मॅटच्या कड्या दोन्हीकडे हे आकडे आधी टेपने लावून ठेवा. एका घराची चूक झाली तरी शेवटच्या चार स्प्रिंगांपर्यंत कळत नाही. मग पाव भाग तरी पुन्हा सोडावा लागतो.

---

बर्फवेडी :

बोर्डाबद्दल. खरा स्नोबोर्ड ट्रॅम्पोलिनवर नाही. त्याची पोलादी कड मॅटचे धागे सुरीने कापावेत तशी कापते, आणि दीड मीटरचा बोर्ड हवेत फिरला की खांबांवर आदळतो. ट्रॅम्पोलिनसाठीचे फोमवाले बोर्ड विकत मिळतात. घरी करायचा तर १२ मिमी प्लायवूड, साधारण १०० बाय २५ सेंमी, कोपरे चांगले गोल. कडेला पाइपवर चढवतात ती फोमची नळी चिरून बसवायची, खाली पातळ फोम चिकटवायचा, सगळ्यावरून डक्ट टेप. जुनी बाइंडिंग (बूट बोर्डाला अडकवायची पकड) लावणार असाल तर स्क्रू एम-६, आणि त्यांची टोकं खालून बाहेर येता कामा नयेत. फोमच्या भरवशावर राहू नका, तो दबतो. पहिले काही आठवडे बाइंडिंगऐवजी रुंद वेल्क्रो पट्टे बरे. पाय चुकीचा पडला तर निसटतो, घोटा वाचतो.

जुन्या स्केटबोर्डची फळी ट्रक (चाकांचे धातूचे सांगाडे) काढून वापरतात, तीही चालते. बोल्ट मात्र सगळे काढा. वरचा वाळूचा कागदही खरवडून टाका, फळी उलटी पडली की तो मॅट खातो.

सरावाचा क्रम : आधी बोर्डाशिवाय, आणि पहिली गोष्ट थांबणं. मॅटला पाय लागताच गुडघे सोडून उसळी जिरवायची. हे येत नाही तोवर पुढचं काही नाही. मग बोर्डासकट मधल्या खुणेवर सरळ उड्या. खूण खडूने करा, रंगातल्या द्रावकाने मॅटचे धागे खराब होतात. मग ग्रॅब : हात खाली न्यायचा नाही, गुडघे वर आणायचे. मग ९०, मग १८०, आणि वळण खांद्यांतून सुरू करायचं.

ट्रॅम्पोलिनला उतार नसतो, त्यामुळे पोरं फ्रंटसाइड-बॅकसाइडमध्ये गोंधळतात. जाळीच्या एका खांबाला फडकं बांधा, तो "उतार". डावा पाय पुढे असलेल्याने छाती आधी त्या खांबाकडे वळवत, म्हणजे वरून पाहिलं तर घड्याळाच्या उलट, फिरलं की फ्रंटसाइड.

इथे काय शिकता येत नाही तेही सांगते. बोर्डाच्या कडेवरून उडी घेणं नाही, कारण मॅटमध्ये कड रुतत नाही. ऑली (बोर्डाच्या शेपटीवर वजन टाकून घेतलेली उडी) नाही, कारण उसळीचं काम मॅटच करते आणि शेपटीवर वजन टाकायची सवय लागत नाही. आणि उतरणं तर उलटंच शिकवलं जातं. इथे सपाटीवर ताठ उतरता, तिकडे उतारावर, वजन पुढच्या पायावर ठेवून. म्हणून ऑलीसाठी बॅलन्स बोर्ड वेगळा करा.

कोलांट्या घरी नकोच. त्यासाठी कॉपर माउंटनला वुडवर्ड या सरावकेंद्रात फोमचे खड्डे आहेत, प्रशिक्षक आहेत.

गोल की आयताकृती? आयताकृतीवर उसळी जास्त आणि सरळ मिळते, गोल तुम्हाला सारखं मध्ये ढकलतं. पण १८० आणि ग्रॅबसाठी ५५० डॉलर घालू नये असं माझं मत. मध्ये ढकलणं नवशिक्यासाठी बरंच असतं.

---

पानापक्कड :

शेवटच्या मुद्द्यावर थोडा मतभेद. मुलगा १४ वर्षांचा, आणि बाबाही उडणार. मोठ्या माणसाच्या वजनाला जुनं गोल ट्रॅम्पोलिन खाली टेकायला वेळ लागत नाही. बघायला जाल तेव्हा मध्ये उभे राहून हलक्या दोन-तीन उड्या मारा आणि दुसऱ्याने आडवं होऊन खालून बघावं. मॅट आणि जमीन यांत फूटभरही जागा उरत नसेल, तर मुलासाठीच घ्या.

---

कागदोपत्री :

कोणी लिहिलं नाही म्हणून : घ्यायच्या आधी एचओएचे (वसाहतीतल्या घरमालकांची संघटना) नियम आणि घराचा विमा बघा. बऱ्याच पॉलिसींत ट्रॅम्पोलिन वगळलेलं असतं किंवा जाळीची अट असते, आणि न सांगता ठेवलं तर शेजारचं पोर पडल्यावर विमा हात वर करतो. एका वेळी एकच माणूस, हा नियम पोरांच्या मित्रांनाही लागू. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१२च्या निवेदनात म्हटलंय की साधारण तीन-चतुर्थांश दुखापती एकाच वेळी अनेक जण उड्या मारत असताना होतात. घरगुती ट्रॅम्पोलिनला त्यांचा मुळातच विरोध आहे, हेही माहीत असू द्या.

जागा सपाट हवी, वर जमिनीपासून २४ फूट मोकळं, बाजूंनी कुंपण-झाडं दूर. वाऱ्यासाठी स्क्रूसारखे जमिनीत फिरवायचे अँकर, निदान चार. ते घालण्याआधी काही दिवस ८११ला फोन करा, गॅस-विजेच्या लाइनी फुकट आखून देतात. पण तुमच्या स्प्रिंकलरचे पाइप ते आखत नाहीत. ते स्वतः शोधा, नाही तर अँकर नेमका त्यातच जातो.

---

लिटलटनकर :

सगळ्यांचे आभार. आज गोलवालं बघून आलो. व्यास १६८, १६७.५, १६८. कड्या ९६, स्प्रिंग सात इंची, वेढे घट्ट. टी-जोड स्वच्छ. मॅटचा दोरा नखाने भुगा होतोय, पॅड तर नाहीच. ६० डॉलरला द्यायला तयार आहेत. पॅडऐवजी पोहण्याच्या फोमच्या नळ्या चिरून स्प्रिंगांवर चढवल्या तर?

---

गंजपारखी :

६०ला घ्या. नवी मॅट आणि पॅड मिळून फ्रेमपेक्षा जास्त पैसे जातील, तरी हरकत नाही.

फोमच्या नळ्या नकोत. दोन स्प्रिंगांमधली फट तशीच उघडी राहते, आणि पाय जातो तो त्या फटीतच. बोर्डाचं टोकही. पॅड घेताना फक्त "१४ फुटी" एवढं बघू नका, रुंदी बघा. स्प्रिंगेची ताणलेली लांबी आणि फ्रेमची नळी मिळून जेवढं होईल ते पूर्ण झाकून मॅटवर दोन-तीन इंच यायला हवं. सात इंची स्प्रिंगेला १० इंची पॅड तोकडा पडतो, १३च्या आसपासचा बघा. आणि तो फ्रेमला बांधायच्या पट्ट्या इलॅस्टिकच्या असतील तर एका उन्हाळ्यात ढिल्या पडतात, नायलॉनच्या घ्या.