‘यांच्यापेक्षा गावातला रेतनवाला बरा’: पशुवैद्यांच्या शिक्षणावर चर्चा

जनावरांचा_डॉक्टर: ‘साडेपाच वर्षं शिकून यांना अडलेली म्हैस सोडवता येत नाही, त्यापेक्षा गावातला रेतनवाला बरा’ ही नव्या पशुवैद्यांवरची कालची पोस्ट वाचून डोकं उठलं. (रेतनवाला म्हणजे गायी-म्हशींना कृत्रिम रेतन करणारा.) अहो, त्यात इंटर्नशिपचं वर्ष एकच. शहरातल्या कॉलेजच्या दवाखान्यात येतात कुत्री-मांजरं. अडलेली म्हैस टेम्पोत घालून कोण आणतं? गुदाशयात हात घालून गाभण तपासणी शिकायला गाय एक आणि पोरं डझनभर. दोन-तीन हात झाले की ती लाथा झाडते, मागची पोरं नुसती बघतात. गर्भाशयाला पीळ पडलाय आणि तो डावा की उजवा, हे हाताला कळावं लागतं. पीळ सोडवायला जनावर लोळवतात; चुकीच्या बाजूला लोळवलं तर तो आणखी आवळतो. पुस्तकात हे सगळं आहे, पण बोटांना कोण शिकवणार? पोरांना शिव्या देऊ नका.

गोठा_पारनेर: शिव्या कुणाला द्यायच्या ते तुम्ही ठरवा, म्हैस माझी गेली. नवे साहेब आले, कॅल्शियम लावलं आणि सिनियरला फोन करत बसले. रेंज नव्हती.

जनावरांचा_डॉक्टर: वाईट झालं. पण वासरू अडल्यावर किती तासांनी बोलावलंत? आधी गावातल्या कुणी हात घातला होता का?

गोठा_पारनेर: घातला होता. तुम्ही लोक लवकर येता का?

पर्यवेक्षक_श्रेणी२: ‘रेतनवाला’ म्हणे! पदविका घेऊन आम्ही श्रेणी-२ चा, म्हणजे पदवीधर पशुवैद्य नसलेला दवाखाना चालवतो. १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्याने आम्हाला किरकोळ सेवा, त्याही नोंदणीकृत पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली. आमच्याकडे देखरेख करणारे साहेब तालुक्याला, आणखी दोन दवाखान्यांचा चार्ज घेऊन. सही मात्र त्यांची.

जनावरांचा_डॉक्टर: किरकोळ म्हणजे काय? प्रत्येक तापाला तेच अँटिबायोटिक आणि वार अडकली की ओढून काढायची?

पर्यवेक्षक_श्रेणी२: कुणी ओढली, नाव घ्या! २०२२ ला जनावरांच्या लंपी रोगाच्या साथीत गोठ्यागोठ्यात शेळ्यांच्या देवीची लस कोण टोचत फिरलं? तेव्हा नाही आठवला कायदा?

इंटर्न_परभणी: आम्हीही होतो दादा. आणि एमबीबीएसच्या इंटर्नचा स्टायपेंड बघा, मग आमचा बघा. त्यावर धागा काढा कुणीतरी.

गोठा_पारनेर: दुधाच्या दरावरही काढा.

जनावरांचा_डॉक्टर: विषय पोरांच्या हाताचा होता. माझ्या मते इंटर्नशिपचे निदान सहा महिने खेड्यातल्या दवाखान्यात काढायला लावा, राहायच्या खोलीसकट.

पर्यवेक्षक_श्रेणी२: पाठवा की. आमच्याकडेच शिकतील, म्हणजे रेतनवाल्याकडे.

जनावरांचा_डॉक्टर: शिकू देत. रेतनाला हात तुमचा बसलेला आहे, तेवढं मान्य. सिझेरियन मात्र शिकवू नका.

पर्यवेक्षक_श्रेणी२: उपकार झाले साहेब. हे लेखी द्याल का? दवाखान्यात फ्रेम करून लावतो.

गोठा_पारनेर: तुमचं चालू द्या. माझी दुसरी म्हैस पुढच्या महिन्यात वेतेय. दोघांचेही नंबर पाठवा, रात्री जो उचलेल तो डॉक्टर.