सोसायटी ग्रुप: लागूंनी डॉक्टरकी खरंच एका रात्रीत सोडली का?

बी-३०२, बंटीचे बाबा: सकाळी ग्रुपवर तो मेसेज आलाय ना, डॉ. श्रीराम लागूंनी एका रात्रीत डॉक्टरकी सोडली आणि नटसम्राट झाले, तुम्हीही मनाचं ऐका वगैरे, तो कृपया पुढे पाठवू नका. आमच्या घरी महिनाभर हाच विषय चालू आहे. मुलगा २४ वर्षांचा, चांगली नोकरी आहे, आणि परवा आईला म्हणाला की राजीनामा लिहून ठेवलाय, पूर्णवेळ नाटक करायचंय. त्यात हा मेसेज त्यानेच मला परत फॉरवर्ड केला.

सी-१०४ ताई: अहो काका, पण मेसेजमध्ये चुकीचं काय आहे, लागू डॉक्टर होतेच ना, कान-नाक-घशाचे सर्जन.

ए-१०२ अप्पा: डॉक्टर होते हे खरं, नाटकासाठी डॉक्टरकी सोडली हेही खरं. "एका रात्रीत" हे साफ खोटं आहे. जरा लांबण लागेल पण लिहितोच, कारण दर वेळी हीच गोष्ट अशीच फिरवतात आणि मला खरंच वाईट वाटतं. लागू पूर्णवेळ नट झाले १९६९ साली, तेव्हा वय ४२. पण नाटक कधीपासून करत होते? पुण्यात बी. जे. मेडिकलला शिकत होते तेव्हापासून! मग भालबा केळकरांच्या पीडीए या हौशी नाट्यसंस्थेत, वेड्याचं घर उन्हात हे नाटक तिथलंच, पुढे मुंबईत रंगायन या नाट्यसंस्थेत. मधे कॅनडा-इंग्लंडला जाऊन पुढचं शिक्षण झालं, आफ्रिकेत प्रॅक्टिस झाली. म्हणजे जवळजवळ वीस वर्षं माणूस दिवसा पेशंट आणि रात्री तालीम असं जगला आणि मग १९६९ ला 'इथे ओशाळला मृत्यू' हे नाटक करून व्यावसायिक रंगभूमीवर आला. पुढच्याच वर्षी डिसेंबरमध्ये नटसम्राट. त्या एका रात्रीच्या मागे अशी वीस वर्षं आहेत. लमाण नावाचं त्यांचं आत्मचरित्र आहे, बंटीने वाचलं नसेल तर माझ्याकडून घेऊन जा म्हणावं.

बी-३०२, बंटीचे बाबा: अप्पा, धन्यवाद. हेच मला सांगता येत नव्हतं.

डी-२०३ काका: माझंही तेच म्हणणं, आधी नोकरी, छंद शनिवार-रविवार.

ए-१०२ अप्पा: थांबा, मी छंद म्हटलेलं नाही. लागूंनी त्या वीस वर्षांत नाटकाला छंद म्हणून वागवलं असतं तर नटसम्राट झालं असतं का? मी तरुणपणी सहा-सात वर्षं बॅकस्टेजला होतो, सेट लावायचा, प्रॉपर्टी मांडायची, विंगेत उभं राहून पुस्तक धरायचं, म्हणजे कोणी वाक्य विसरलं तर हळूच सांगायचं. नोकरी करून येणारे नट मी जवळून बघितलेत. ऑफिस सुटलं की थेट तालमीला, डबा पण तिथेच खायचा आणि शेवटच्या गाडीने घरी. दोन्हीकडे पूर्ण काम.

बी-१०१ वहिनी: मधेच लिहिते सॉरी, गेटजवळ कोणाचीतरी पांढरी गाडी आडवी लागलीय, प्लीज काढा.

डी-२०३ काका: काढतो.

सी-१०४ ताई: अप्पाकाका, पण नोकरी करत मोठे झालेले बरेच आहेत ना? अशोक सराफ स्टेट बँकेत होते असं ऐकलंय.

ए-१०२ अप्पा: होते ना. बँकेत नोकरी आणि जोडीला नाटक, असं कित्येक वर्षं. शिवाजी साटमसुद्धा बँकेतलेच. त्या काळी बँका-बँकांच्या नाट्यस्पर्धा जोरात असायच्या, शिवाय राज्य नाट्य स्पर्धा, कॉलेजवाल्यांना १९६३ पासून पुरुषोत्तम करंडक, म्हणजे नोकरी न सोडता स्वतःला तपासून बघायची जागा होती. प्रशांत दामले बेस्टमध्ये. लक्ष्मीकांत बेर्डे मुंबई मराठी साहित्य संघात नोकरीला, तिथे नाटकाच्या अवतीभवती राहून छोटी कामं करत करत १९८३ च्या टुरटुर नाटकापर्यंत पोचला. आणि निळूभाऊ फुले पुण्यात लष्कराच्या मेडिकल कॉलेजात माळीकाम करत होते! सेवादलाच्या कलापथकात नाटक चालू, दिवसा झाडांना पाणी. १९६८ ला एक गाव बारा भानगडी आला तेव्हा वय पस्तिशीच्या पुढे गेलं होतं.

सी-४०१ आजी: निळू फुल्यांचा पडद्यावर मला इतका राग यायचा की मी सिनेमा अर्धा सोडून उठले होते एकदा. नंतर कळलं की माणूस देवासारखा. ते आणि लागू म्हातारपणी सामाजिक कामासाठी नाटकाचे प्रयोग करून पैसे जमवायचे ना?

ए-१०२ अप्पा: हो आजी, सामाजिक कृतज्ञता निधी. लग्नाची बेडीचे प्रयोग केले, तनुजा, अमरापूरकर अशी मोठमोठी नावं घेऊन, गावोगाव. पूर्णवेळ सामाजिक काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना दरमहा काहीतरी मिळावं म्हणून.

बी-२०४ मावशी: सगळे नोकरी सोडू की नको यावर बोलताय म्हणून मी लिहितेय. बायकांच्या बाबतीत हा प्रश्नच वेगळा होता. त्यांना सोडायला नोकरी नव्हती, मिळवायची होती ती परवानगी. १९१३ साली फाळक्यांच्या पहिल्या चित्रपटात तारामती एका पुरुषाने केली, अण्णा साळुंके, कारण बाई मिळेना. दुसऱ्या चित्रपटात, मोहिनी भस्मासुरमध्ये, दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई उभ्या राहिल्या. पुढे कमलाबाईंचा नवरा लवकर गेला तर त्या बाईने स्टेजवर कामं करून तीन मुलगे वाढवले. त्यातले एक चंद्रकांत गोखले, आणि त्यांचे चिरंजीव विक्रम गोखले. विक्रम गोखल्यांच्या आवाजातल्या त्या थांबण्याचं आपण कौतुक करतो ना, त्याच्यामागे चार पिढ्या आहेत आणि सुरुवात दोन बायकांनी केलीय. दुर्गा खोट्यांचं बघा, सुखवस्तू घरातली कॉन्व्हेंटला शिकलेली मुलगी, सासरची श्रीमंती गेली, पदरात दोन मुलं, म्हणून सिनेमात आली. १९३१ ला पहिल्याच सिनेमात छोटंसं काम केलं तर लोकांनी इतकी नावं ठेवली की दुसरी कोणी परत फिरकली नसती. पण १९३२ ला प्रभातच्या अयोध्येचा राजामध्ये राणी तारामती, आणि १९८३ चा फाळके पुरस्कार. पन्नास वर्षं टिकल्या.

बी-२०४ मावशी: आणि ललिता पवार! १९४२ ला शूटिंगमध्ये एक थोबाडीत जोरात बसली आणि चेहऱ्याची शीर दुखावली, डावा डोळा कायमचा बारीक झाला. नायिकेची कामं होती त्यांची तोवर. तीन वर्षं उपचारात गेली. त्यानंतर त्याच डोळ्याने खाष्ट सासू, मंथरा, सगळं उभं केलं. मला त्यांच्याबद्दल बोलताना अजून भरून येतं, कारण आम्ही लहानपणी त्या डोळ्याला हसायचो.

सी-१०४ ताई: मावशी हे मला अजिबात माहीत नव्हतं. मला वाटायचं तो अभिनय आहे.

बी-३०२, बंटीचे बाबा: सगळं मान्य. पण मला भीती वेगळी वाटते. हे सगळे टिकलेले लोक आहेत म्हणून आपण त्यांची नावं घेतोय. बाकीचे किती असतील? आणि टिकलेल्यांचं तरी काय झालं, बालगंधर्व शेवटी कसे होते?

ए-१०२ अप्पा: प्रश्न बरोबर आहे तुमचा. बालगंधर्वांएवढं प्रेम मराठी माणसाने क्वचितच कुणा नटाला दिलं असेल. १९११ ला मानापमानच्या पहिल्या प्रयोगाच्या दिवशी त्यांची लहान मुलगी वारली आणि तरी ते रंगमंचावर उभे राहिले. लोक हे अभिमानाने सांगतात, मला त्यात अभिमानापेक्षा त्रासच जास्त होतो. १९१३ ला स्वतःची गंधर्व नाटक मंडळी काढली, पडदे, शालू, अत्तर सगळं अस्सल पाहिजे, खर्चाला हिशेब नाही, आणि त्याचं कर्ज पुढे वर्षानुवर्षं फेडत राहिले. पद्मभूषण १९६४ ला मिळालं पण तोवर शरीर पार थकलेलं. म्हणून मी बंटीला एवढंच सांगेन की गाण्याइतकाच हिशेब पण शिक. नाटकात नाईट मिळते, म्हणजे दर प्रयोगाचे पैसे, प्रयोग झाला तर नाईट, रद्द झाला की काही नाही. मार्च २०२० ला नाट्यगृहं बंद झाली तेव्हा बॅकस्टेजच्या पोरांचे काय हाल झाले ते मी बघितलंय, माझ्या ओळखीतल्या दोघांनी तर लाइन सोडली.

बी-२०४ मावशी: आणि प्रवास. डॉ. काशिनाथ घाणेकर, दातांचे डॉक्टर, नाटकांत लाल्या आणि संभाजी या भूमिका करून लोकांना वेड लावलेला माणूस, दौऱ्यावर असताना अमरावतीला गेला, १९८६, वय फक्त ५५. भक्ती बर्वे फेब्रुवारी २००१ मध्ये मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर अपघातात गेल्या. ती फुलराणीतला त्यांचा आवाज ज्यांनी प्रत्यक्ष ऐकलाय त्यांना विचारा, मी दोनदा बघितलंय आणि दुसऱ्या वेळी फक्त त्या कुठे श्वास घेतात ते बघत बसले होते.

डी-२०३ काका: प्रशांत दामल्यांचे १२,५०० प्रयोग झाले ना मध्यंतरी?

ए-१०२ अप्पा: नोव्हेंबर २०२२ ला. आता हिशेब करा, १९८३ पासून धरलं तर ३९ वर्षं, म्हणजे वर्षाला सरासरी ३२० प्रयोग. घरचं लग्न, आजारपण, घसा बसणं, सगळं धरून ३२०. आणि प्रत्येक वेळी समोरचा प्रेक्षक पहिल्यांदाच बघायला आलाय असं समजून करायचं, तेच वाक्य, तीच एंट्री. प्रभाकर पणशीकरांनी 'तो मी नव्हेच' या नाटकात पाच भूमिका केल्या, १९६२ पासून पुढे कित्येक वर्षं, अडीच हजारांच्या वर प्रयोग. फिरता रंगमंच फिरून येईपर्यंत मागे वेश बदलायचा. मी एकदा विंगेत होतो दुसऱ्या एका नाटकाला, तिथे एकच वेशांतर होतं चाळीस सेकंदात आणि आमच्या नटाचे हात थरथरायचे. शरीर हेच भांडवल आहे या धंद्यात. विक्रम गोखल्यांना २०१६ ला घशाच्या त्रासामुळे रंगभूमी सोडावी लागली, सिनेमे करत राहिले पण नाटक बंद. लागूंनाही नटसम्राटचा ताण झेपेना तेव्हा ती भूमिका दत्ता भटांनी केली.

सी-४०१ आजी: मी लागूंचा नटसम्राट बघितलाय. ह्यांनी तिकिटं काढली होती, मी सात महिन्यांची गरोदर, सासूबाई नको म्हणत होत्या. नाटक संपलं आणि कोणी उठेचना. टाळ्या पण उशिरा आल्या. मला तेव्हा वाटलं होतं लागू खरंच सत्तरीचे आहेत.

ए-१०२ अप्पा: ४३ वर्षांचे होते आजी!

सी-४०१ आजी: हो, ते ह्यांनी घरी येताना सांगितलं, मी विश्वास ठेवला नाही. त्यांचं ते बसणं, उठताना आधी हात शोधायचा कशाला तरी, मग गुडघा. माझे सासरे अगदी तसेच उठायचे. आणि आता मी तशीच उठते.

बंटी (बी-३०२): सगळ्यांना नमस्कार. मी सगळं वाचत होतो, बोलू की नको कळत नव्हतं. अप्पाकाका, तो मेसेज मी बाबांना पाठवला हे चुकलंच, मला लागूंची वीस वर्षं खरंच माहीत नव्हती. राजीनामा लिहिलाय पण दिलेला नाही. चार वर्षं एकांकिका करतोय, आता पहिल्यांदा दोन अंकी नाटकात घेतलंय, त्याचे दौरे शुक्रवार ते रविवार आहेत आणि माझी शुक्रवारची सुट्टी मंजूर होत नाही, तिथून हे सगळं सुरू झालं. बाबा, मी तुम्हाला हे नीट सांगायला हवं होतं, आईला सांगून मोकळा झालो.

बी-३०२, बंटीचे बाबा: शुक्रवारचं मला माहीतच नव्हतं. मला वाटलं तुला नोकरीच नको झालीय.

बंटी (बी-३०२): नको नाही झालेली बाबा. पण कधीतरी सोडणार हे नक्की आहे, ते खोटं सांगणार नाही.

बी-३०२, बंटीचे बाबा: शुक्रवारसाठी बिनपगारी रजा मिळते का विचार आधी. बाकीचं घरी बोलू.

ए-१०२ अप्पा: रजेचं मिळेपर्यंत नाटकवाल्यांना सांग की एक रिप्लेसमेंट तयार ठेवा, ते समजून घेतात, फक्त आयत्या वेळी सांगू नकोस. आणि नाईट किती ठरलीय ते लिहून घे.

सी-४०१ आजी: बंटी, काम कुठलं आहे तुझं?

बंटी (बी-३०२): आजी, म्हाताऱ्याचं. पंचाहत्तरीचा रिटायर्ड मास्तर, दोनच प्रवेश आहेत. दिग्दर्शक म्हणतात चालणं अजून तरुणाचंच दिसतंय.

सी-४०१ आजी: मग वर ये. ह्यांची काठी कपाटाच्या मागे आहे, शेवटची चार वर्षं तीच वापरली. काठी उजव्या हातात धरायचे पण दुखायचा उजवाच पाय, डॉक्टर ओरडायचे तरी बदलली नाही. कसे चालायचे ते मी तुला दाखवते, भिंत धरून दाखवीन.

बंटी (बी-३०२): आत्ता येऊ?

सी-४०१ आजी: औषध घेते, दहा मिनिटांनी ये.

बी-३०२, बंटीचे बाबा: बंटी, जाताना मला हाक मार. मी पण येतो.