मदत हवी आहे: 'अँड' असूनही 'हॅज' कसं?

रानवारा: अर्जंट आहे. इंग्रजीच्या टेस्टमध्ये एरर शोधायचा प्रश्न होता. 'अँड' दिसलं, म्हणजे अनेकवचन, 'हॅव' हवं, म्हणून मी 'हॅज' चूक धरलं, तर उत्तरतालिकेत 'नो एरर'! क्लासवाले म्हणतात रूल पाठ करा. नीट सांगा कोणीतरी. पीडीएफ नको.

शुभदा_क: वाक्य कुठंय? आम्ही काय अंतर्ज्ञानी?

बोरूबहाद्दर: 'ब्रेड अँड बटर' असणार. तो एकच पदार्थ धरतात, म्हणून एकवचन.

रानवारा: ब्रेडबिड नव्हतं. सेक्रेटरीचं काहीतरी होतं.

काकडआरती: व्याकरण घोकून कुणाला इंग्रजी आलंय? रोज इंग्रजी बातम्या ऐका, आपोआप बोलाल.

रानवारा: बोलायचं नाहीये हो, तलाठीची तयारी चाललीये. हे घ्या: 'द सेक्रेटरी अँड ट्रेझरर हॅज रिझाइन्ड, बट द मेंबर्स हॅव नॉट.'

शुभदा_क: हे आधी द्यायचं ना! 'द' बघ. ट्रेझररच्या आधी नाहीये, म्हणजे दोन्ही पदं एकाच माणसाकडे. म्हणून 'हॅज'. 'द सेक्रेटरी अँड द ट्रेझरर' असतं तर माणसं दोन, मग 'हॅव'. 'बट'च्या पुढचं वाक्य स्वतंत्र. तिथे कर्ता 'मेंबर्स', म्हणून 'हॅव'.

बोरूबहाद्दर: एवढं कशाला? क्रियापदाच्या जवळचा कर्ता बघायचा, संपलं.

शुभदा_क: तो 'ऑर', 'नॉर'चा नियम आहे. 'नायदर द टीचर नॉर द बॉइज वेअर प्रेझेंट', इथे ठीक. 'द टीचर, ॲज वेल ॲज द बॉइज' याला लावलात तर मार्क गेला. तिथे पहिला कर्ता, 'वॉज'. पोरांना भलतं सांगू नका.

धोबीपछाड: मग क्रिकेटवाले 'इंडिया आर' का म्हणतात?

बोरूबहाद्दर: ब्रिटिश पद्धत. संघ म्हणजे अकरा जण. अमेरिकन 'इज' म्हणतील. परीक्षेत 'इज'च लिहा.

काकडआरती: आपली मराठी बरी, असली भानगड नाही.

धोबीपछाड: नाही कशी? रामाने पोळी खाल्ली, रामाने आंबा खाल्ला. राम तोच, क्रियापद कर्मामागे धावतंय.

रानवारा: नंतर भांडा. 'ईच बॉय अँड ईच गर्ल'ला काय?

शुभदा_क: 'हॅज'. नामाच्या आधी असं 'ईच' आलं की 'अँड'कडे बघूच नकोस.

पाटलाचा_पोर: तलाठीला वयोमर्यादा किती आहे?