सासऱ्यांचे कागदी शेअर सापडलेत, पुढे काय करायचं? मदत हवी आहे

अबोली
नमस्कार मंडळी, शेअर्समधलं मला काही म्हणजे काही कळत नाही हे आधीच सांगते, त्यामुळे प्रश्न बाळबोध वाटले तर सांभाळून घ्या.

सासरे गेल्यावर त्यांची कागदपत्रं लावायचं काम माझ्याकडे आलंय, त्यात एका फोल्डरमध्ये शेअर सर्टिफिकेट निघालं. 1994 चं आहे. 100 इक्विटी शेअर्स, दर्शनी किंमत प्रत्येकी 10 रुपये असं छापलंय, पहिलं नाव सासऱ्यांचं, खाली सासूबाईंचं. कंपनी अजून चालू आहे, मोबाईलवर भाव बघितला तर सहाशेच्या वर दाखवतोय. (कंपनीचं नाव मुद्दाम देत नाहीये.)

आता नवरा म्हणतो 1000 रुपयांचा कागद आहे, कशाला मागे लागतेस. भाचा म्हणतो मामी साठ हजार झाले. आणि सोसायटीतले एक काका म्हणतात की कागदी शेअर आता रद्दीत द्यायचे. बरोबर कोण?

आणखी एक, हे विकले तर पैसे कोण देतं, कंपनी का? आणि बाजार पडला की बातम्यांत सांगतात ना, गुंतवणूकदारांचे इतके लाख कोटी बुडाले, ते पैसे जातात कुठे? कुणाला तरी मिळत असतीलच ना?

पारावरचा_पांडू
वहिनी आधी सर्टिफिकेटचा फोटो कुठल्याही ग्रुपवर टाकू नका. फोलिओ नंबर (कंपनीकडचा तुमचा खाते क्रमांक) दिसला की "आम्ही सोडवून देतो" वाले फोन सुरू होतात.

जुना_सबब्रोकर
तिघंही चुकलेत.

10 रुपये ही दर्शनी किंमत, म्हणजे कंपनीने आपलं भांडवल किती तुकड्यांत पाडलंय त्याचा हिशेब. त्याचा बाजारभावाशी संबंध नाही, त्यामुळे यजमानांचं गणित बाद. डिव्हिडंड, म्हणजे नफ्यातला वाटा, मात्र दर्शनी किमतीवर जाहीर करायची पद्धत आहे. 150 टक्के डिव्हिडंड वाचून लोक हुरळतात, 10 च्या शेअरवर ते 15 रुपये असतात, मग बाजारभाव सहाशे असो नाहीतर सहा हजार.

भाच्याने 100 गुणिले 600 केलं. पण 1994 चे 100 आज 100 च असतील असं नाही ना! मधे स्प्लिट झालं असेल (एका शेअरचे लहान तुकडे), बोनस आला असेल (फुकट मिळालेले जादा शेअर). सगळ्यांना माहिती असलेलं उदाहरण देतो. रिलायन्सचे 100 शेअर कुणी 2000 साली घेऊन विसरून गेला असेल तर 2009 च्या बोनसने 200 झाले, 2017 ला 400, 2024 ला 800. वर 2023 मध्ये जिओ फायनान्शियलचे 400 वेगळे मिळाले कारण तेव्हा 400 होते आणि एकास एक दिले. शिवाय अंबानी भावांच्या वाटणीनंतर 2006 मध्ये धाकट्या अनिलकडे गेलेल्या कंपन्यांचेही मिळाले होते, त्यातली रिलायन्स कम्युनिकेशन्स पुढे दिवाळखोरीत गेली. म्हणजे एकाच कागदातून सोनंही निघालं आणि मातीही. तेव्हा तुमच्या कंपनीच्या वेबसाईटवर इन्व्हेस्टर्स असा भाग असतो, तिथे स्प्लिट आणि बोनसचा इतिहास बघा.

आणि रद्दी नाही. 1 एप्रिल 2019 पासून कागदी शेअर दुसऱ्याला विकून त्याच्या नावावर चढवता येत नाहीत एवढंच. मालकी जात नाही. वारसाच्या नावावर करणं आणि मग डिमॅटमध्ये, म्हणजे शेअर ठेवायच्या इलेक्ट्रॉनिक खात्यात, आणणं आजही होतं.

निरंजन_पुणे
दुसऱ्या प्रश्नाचं मी सांगतो, कारण हा घोळ दहा वर्षं बाजारात असलेल्या लोकांचाही असतो.

तुम्ही शेअर विकता तेव्हा पैसे कंपनी देत नाही, घेणारा माणूस देतो. कंपनीला पैसे मिळतात ते आयपीओत (लोकांना पहिल्यांदा शेअर विकते तेव्हा) किंवा पुन्हा नवे शेअर काढले तर. त्यानंतर जे रोज 9:15 ते 3:30 चालतं ते जुन्या शेअर्सची हातबदली. कुणीतरी बोली लावतो, 612 ला घेतो, कुणीतरी म्हणतो 613 च्या खाली देणार नाही, दोघांपैकी एक सरकला की सौदा आणि तोच आकडा मोबाईलवर दिसतो. म्हणजे तुम्हाला दिसणारा भाव हा झालेल्या शेवटच्या सौद्याचा आहे, तुमचा माल त्याच भावाला जाईल याची हमी नाही. मोठ्या कंपनीत फरक रुपयातल्या काही पैशांचा असतो, पण एखाद्या मरतुकड्या कंपनीत दिवसभरात 40 शेअर विकले गेलेले असतात आणि त्यावर लोक आपली श्रीमंती मोजत बसतात.

आता बुडालेले पैसे. समजा एका कंपनीचे 1 कोटी शेअर आहेत, काल भाव 500 होता. 500 कोटींची कंपनी, ह्यालाच मार्केट कॅप म्हणतात. आज शेवटचा सौदा 2000 शेअर्सचा 480 ला झाला, म्हणजे हात बदललेले पैसे 9 लाख 60 हजार. पण मार्केट कॅप काढताना 480 ने सगळे 1 कोटी शेअर गुणतात, झाले 480 कोटी, आणि बातमी येते की 20 कोटी बुडाले. ते 20 कोटी रोख कुणाकडे कधी नव्हतेच, त्यामुळे कुणाला मिळालेही नाहीत. वर जाताना "संपत्ती वाढली" म्हणतात तेही असंच. ज्याने त्या दिवशी विकलं त्याचाच नफा किंवा तोटा खरा झाला.

अबोली
बाप रे, हे कुणी असं सांगितलंच नव्हतं. धन्यवाद!! वेबसाईट बघितली. 10 चा शेअर 2 चा केलाय, आणि नंतर एकास एक बोनस. म्हणजे 500 आणि मग 1000 बरोबर ना? सहा लाखांच्या वर!! नवऱ्याला अजून सांगितलं नाहीये 😄

पण मग बाकीचे 900 कुठे आहेत? घरात हे एकच सर्टिफिकेट आहे. आणि डिव्हिडंड शेवटचा कधी आला सासूबाईंना आठवत नाही, आम्ही मधे घर बदललंय.

जुना_सबब्रोकर
गणित बरोबर. स्प्लिट झाल्यावर बऱ्याच कंपन्या जुनी सर्टिफिकेट रद्द करून नवी पोस्टाने पाठवायच्या, बोनसचीही तशीच यायची. ती जुन्या पत्त्यावर गेली असणार. परत गेलेली कंपनीच्या सस्पेन्स खात्यात (न पोचलेले शेअर ठेवायचं खातं) पडून असतात. हातातला 10 वाला कागद कदाचित रद्दही झालेला असेल, घाबरू नका, खरी मालकी कंपनीच्या रजिस्टरमध्ये असते, कागद फक्त दाखला.

पण घर बदललं म्हणालात तिथे खरी गोची आहे. सलग 7 वर्षं डिव्हिडंड कुणी घेतला नाही तर तो आणि सोबत ते शेअर्सही आयईपीएफ ह्या सरकारी फंडाकडे जातात. बुडत नाहीत, परत मिळतात, पण वेळ खातात. कंपनीला अशा लोकांची यादी वेबसाईटवर टाकावी लागते, त्यात सासऱ्यांचं नाव शोधा.

विशाखा_के
माझ्या आईचं हेच केलंय म्हणून क्रम सांगते. सर्टिफिकेटवर रजिस्ट्रारचं (कंपनीसाठी भागधारकांच्या नोंदी ठेवणारी संस्था) नाव असेल, 1994 चा आज असेलच असं नाही, आत्ताचा कंपनीच्या साईटवर मिळेल, बहुधा केफिनटेक किंवा एमयूएफजी इनटाइम, जिला आधी लिंक इनटाइम म्हणायचे. त्यांना फोलिओ नंबर देऊन विचारा की आज ह्या फोलिओत किती शेअर आहेत, कुठली सर्टिफिकेट चालू आहेत आणि काही आयईपीएफला गेलंय का. उत्तर आल्याशिवाय एकही फॉर्म भरू नका, मी आधी फॉर्म भरून बसले आणि सगळे पुन्हा भरावे लागले.

सासूबाईंचं दुसरं नाव आहे हे फार बरं झालं. जॉइंट असेल तर सासऱ्यांचं नाव कमी होऊन शेअर त्यांच्या एकटीच्या नावावर येतात, मृत्यूचा दाखला आणि त्यांचं केवायसी लागतं. केवायसीला आयएसआर-1 फॉर्म, सही बँकेकडून प्रमाणित करायला आयएसआर-2. वयामुळे सही बदललेली असते म्हणून बँकेत त्यांना स्वतःला घेऊन जा. एकट्याचं नाव असतं आणि नॉमिनी नसता तर वारसांच्या संमती, हमीचा बॉण्ड, रक्कम 5 लाखांच्या वर असेल तर कोर्टाची कागदं, भलतंच प्रकरण असतं.

डिमॅट खातं मात्र सासूबाईंच्याच नावाने उघडा, तुमच्या किंवा यजमानांच्या नको, नाव जुळलं नाही तर परत पाठवतात. आणि नॉमिनी तेव्हाच टाकून घ्या.

अबोली
रजिस्ट्रारला मेल केलाय. आयईपीएफच्या यादीत सासऱ्यांचं नाव आहे 😞 तेवढ्यात एका एजंटचा फोन आला, 15 टक्के घेईन सगळं करून देतो म्हणाला. द्यावेत का? आणि भाचा म्हणतोय पैसे आले की ऑप्शन्समध्ये (भाव वर जाईल की खाली ह्यावरचे सौदे) टाका, महिन्यात दुप्पट होतील.

पारावरचा_पांडू
फोन आला ना शेवटी! तुमचं नाव त्यांनी त्याच यादीतून काढलं.

विशाखा_के
सहा लाखांवर 15 टक्के म्हणजे 90 हजार. आयईपीएफकडून परत मागायचा आयईपीएफ-5 फॉर्म ऑनलाईन आहे, त्याला सरकारी फी नाही. आधी कंपनीकडून एंटायटलमेंट लेटर (तुमचा हक्क आहे असं पत्र) घ्यायचं, मग फॉर्म, मग त्याची प्रत आणि मूळ कागद कंपनीच्या नोडल ऑफिसरकडे (ह्या कामासाठी नेमलेला अधिकारी). कंपनी उत्तरच देत नसेल तर सेबीच्या (शेअर बाजारावर देखरेख करणारी सरकारी संस्था) स्कोअर्स ह्या तक्रारीच्या साईटवर तक्रार टाका, लगेच हलतात. अगदीच जमलं नाही तर ओळखीच्या सीएला ठरावीक रक्कम द्या, टक्केवारी नको.

निरंजन_पुणे
भाच्याला सांगा सेबीनेच हिशेब काढलाय, 2021-22 ते 2023-24 ह्या तीन वर्षांत फ्युचर-ऑप्शन करणाऱ्या सामान्य लोकांपैकी 93 टक्के तोट्यात गेले, एकूण 1.8 लाख कोटींच्या वर. आणि अबोली, हे पैसे मात्र खरंच कुणाकडून तरी कुणाकडे गेलेत.

विकताना टॅक्सचं बघा. सासऱ्यांनी धरलेला काळ मोजला जातो म्हणून नफा लाँग टर्मच (दीर्घ मुदतीचा), वर्षाला सव्वा लाखापर्यंत माफ, वर साडेबारा टक्के. इतके जुने असल्यामुळे 31 जानेवारी 2018 चा भाव खरेदी किंमत म्हणून धरता येतो, तो सीएकडून काढून घ्या. सगळे एकाच आर्थिक वर्षात विकायची गरज नाही, थोडे मार्चमध्ये थोडे एप्रिलमध्ये विकले तर माफी दोनदा मिळते.

अबोली
सासूबाई म्हणतायत विकायचेच कशाला, डिव्हिडंड येऊ दे की बँकेत. तसं केलं तर मधल्या वर्षांचा अडकलेला डिव्हिडंडही त्याच आयईपीएफ-5 मध्ये मागायचा का, की त्याला वेगळा फॉर्म?

विशाखा_के
जो आयईपीएफला गेला तो त्याच फॉर्ममध्ये, शेअर आणि रक्कम दोन्हीची माहिती एकत्र भरायची. अलीकडचा जो अजून तिकडे गेला नसेल तो कंपनीकडेच असतो, केवायसी पूर्ण झालं की रजिस्ट्रार थेट बँक खात्यात टाकतो. कॅन्सल चेकवर सासूबाईंचं नाव छापलेलं असू द्या, माझं तिथेच अडलं होतं.