मांस घातलेली मिठाई? हो, मोदिकात खरंच असते

एकांनी लिहिलंय की इटलीच्या सिसिली बेटावरच्या मोदिका शहरातली मांस घातलेली मिठाई म्हणजे पर्यटकांसाठी काढलेलं खूळ असणार. तसं अजिबात नाही. 'म्पानातिग्गी' हा तिथला जुना, घरोघरी ओळखीचा पदार्थ आहे. आकार थेट आपल्या करंजीचा, आत बदाम, साखर, चॉकलेट, दालचिनी, लवंग आणि बारीक वाटलेलं गोमांस. मांस वेगळं लागत नाही, सारणाला ओलावा मात्र देतं. सिसिलीवर शतकानुशतकं स्पॅनिश सत्ता होती, तिचा हा वारसा मानतात. (शाकाहारी मंडळींनी मोदिकात असं काहीही घेण्याआधी विचारून घ्या!)

हे खायचं तर कोर्सो उंबेर्तो या रस्त्यावरच्या बोनायुतोमध्येच. १८८० पासूनचं दुकान, अजून त्याच कुटुंबाकडे. त्यांचं चॉकलेटही मुद्दाम चाखा. कोको साधारण ४०-४५ अंशांपर्यंतच गरम करतात, त्यामुळे साखर विरघळत नाही आणि दाताखाली कचकच लागते. वडी मोडली की आतले साखरेचे कण चमकताना दिसतात. मऊसूत चॉकलेटची सवय असलेल्यांना पहिला घास खरखरीत वाटेल, पण कोकोचा कडसर स्वाद इतका मोकळा मला दुसरीकडे मिळालेला नाही. २०१८ साली मोदिकाच्या चॉकलेटला युरोपीय संघाचं भौगोलिक मानांकनही मिळालं.

सिसिलीला जाताय तर फक्त पालेर्मो शहरातले कान्नोली (गोड चीज भरलेल्या कुरकुरीत नळ्या) खाऊन परतू नका. मोदिकाला एक दिवस द्याच.